धायटीचा खुराक

केरबा वस्तादांच्या घरी पाणी मागू नये. पाणी मागितलं की दूध येतं, दुधामागून शेंगदाण्याचा लाडू येतो, आणि लाडवाला नको म्हटलं की वस्ताद उठून तुमचा दंड दाबून बघतात. "ह्येला दंड म्हनत्यात व्हय?" असं ते इतक्या कळवळ्यानं विचारतात की माणूस जेवूनच उठतो. मी त्यांचा शेजारी आहे. गडमुडशिंगीला राहायला आल्यापासून माझं वजन किती वाढलं ते मी सांगणार नाही. माझी बायको नुजहत माझ्या विजारी सैल करून करून कंटाळली आणि एक दिवस म्हणाली, तुम्ही शिलाईचंच काम करता ना, मग तुमचं तुम्ही बघा.

तिचंही खरंच आहे. माझं नाव काशिफ, शाहूपुरीत माझं मोटरसायकलच्या सीट कव्हरांचं दुकान आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बैठकीची सोय बघतो आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीपलीकडची गंमत बघतो.

वस्तादांनी पाऊण आयुष्य गावच्या तालमीत पोरं घडवण्यात घालवलं. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा तालीम सोडली आणि गावाबाहेरच्या आमच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला भिंत लावून, घर बांधलं. पुढं ऐसपैस मोकळी जागा ठेवली आणि तिथं बाग केली. बाग म्हणजे गुलाब-शेवंतीची नव्हे. पालापाचोळा झाडायचा नाही, औषध फवारायचं नाही, दगडी डोणीत पाणी भरून ठेवायचं आणि जो येईल त्याला येऊ द्यायचं, असली बाग. सरडे आले, खारी आल्या, एक मुंगूस सहकुटुंब येऊन गेलं. एक बेडूक तर शालूकाकींच्या, म्हणजे वस्तादांच्या बायकोच्या, न्हाणीत कायमचा मुक्कामाला आला. काकी त्याच्या नावानं रोज शिव्या घालायच्या आणि रोज त्याला अंग चोरून जागा द्यायच्या.

"तालमीत कोन बी यील त्येला घ्याचं असतंय," वस्ताद म्हणायचे. "हितं बी त्योच कायदा."

एका फेब्रुवारीत सकाळी माझ्या मोपेडवरून टकटक आवाज यायला लागला. बघतो तर आरशावर एक शिंजीर, फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. नर होता, अंगठ्याएवढा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा. आरशात स्वतःला बघून, हा दुसरा नर आपल्या हद्दीत कुठून घुसला, म्हणून त्याच्यावर तुटून पडत होता. आरशाची पार रया गेली होती. मी फडकं घेऊन धावलो तेवढ्यात भिंतीवरून गर्जना झाली.

"हात लावू नगंस! कुस्ती लागलीया!"

वस्ताद भिंतीवर कोपरं टेकून उभे होते. चेहरा असा उजळला होता की जणू खासबाग मैदानात पुढच्या रांगेत जागा मिळाली आहे.

"आवाका बघ की मर्दा," ते म्हणाले. "एवढासा जीव, पन जोड बघना का वजन बघना."

"वस्ताद, समोर कोन न्हाई. आरसा हाय त्यो."

"त्येला कुठं ठावं हाय? त्यो खरा लढालाय." मग त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो ते जगातल्या प्रत्येक सजीवाबद्दल विचारतात. "आसं दिसभर लढायचं म्हंजे... खातोय काय ह्यो?"

उत्तर शालूकाकींनी आतून दिलं. त्या जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याच्या. "धायटीचा मध खातंय त्ये. आमच्याकडं शिमग्याला डोंगराच्या कडंनं धायटी फुलती, लाल भडक. ही पाखरं नुसती लोंबकाळत असत्यात तिला. आमी पोरं बी फुलं तोडून चोखायचो."

झालं. आरशाला मी रेक्झिनची टोपी शिवली, ती घातल्यावर शिंजिरानं नाद सोडला, पण वस्तादांना नवा नाद लागला. या पैलवानाला आपल्या दारात खुराक मिळाला पाहिजे. पावसाळ्यात काकींचा भाऊ ज्ञानू याच्या शेताच्या बांधावर धायटीची दोन रोपं शेजारी शेजारी उगवली होती. त्यातलं एक वस्तादांनी मुळाच्या मातीसकट, मांडीवर घेऊन, एस.टी.नं आणलं.

धायटी हे तसं हडकुळं झुडूप. माणसाच्या उंचीचं होतं, फांद्या बाहेर वाकतात, खडकात आणि मुरमात कुठंही तग धरतं. थंडी सरताना पानं गाळून मोकळं होतं आणि मग ऐन वसंतात फांदीला फांदीभर लाल नळ्यांसारखी फुलं लागतात. हे मी आता सांगतोय. तेव्हा मला घायपात आणि धायटी यातलाही फरक माहीत नव्हता. काकींना होता.

"दगडात लावा आन् इसरून जावा," त्या म्हणाल्या.

"इसरून जायाला काय सवतीचं पोर हाय व्हय ते?" वस्ताद म्हणाले आणि खड्डा खणायला लागले.

त्या खड्ड्यात काय काय गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली कुजलेलं शेणखत, त्यावर तालमीच्या आखाड्यातली तांबडी माती, जी तेल, ताक आणि हळद घालून मळलेली असते. त्यावर शेंगदाण्याची पेंड. रोप लावलं तसा रतीब सुरू झाला. सकाळी गुळाचं पाणी, दुपारी ताक, संध्याकाळी नळाचं पाणी. रविवारी पांढऱ्या रश्श्याचं भांडं विसळलेलं पाणी, कारण पोराला हाडाचा अर्क लागतो. अमावस्येला भिजवलेल्या बदामांचं सालपट. वस्ताद रोज सकाळी खोडाला अंगठा आणि बोट लावून माप घ्यायचे आणि मला ओरडून सांगायचे, "भरालंय रं, भरालंय!"

भरत होतंच. दुसऱ्या वर्षी ते झुडूप भिंतीच्या वर आलं. पानं हिरवीगार, रुंद, तुकतुकीत. कॉलनीतले लोक थांबून बघायचे. वस्ताद मिशीवर हात फिरवायचे.

फक्त ते फुललं नाही. एक शिमगा गेला. आम्ही म्हणालो, लहान आहे. दुसरा शिमगा आला, माळावरचे पळस पेटले, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, आणि आमची धायटी आपली पानं मिरवत उभी. पान गाळायला तयार नाही आणि कळी धरायला तयार नाही. शिंजीर यायचा, एका फांदीवर बसून इकडंतिकडं बघायचा आणि जत्रा चुकलेल्या पाहुण्यासारखा निघून जायचा. वस्तादांना तो घरातून उपाशी गेलेला दिसायचा. त्यांच्या घरातून उपाशी गेलेला तो पहिलाच. मग ते ताकाची बादली वाढवायचे.

त्या बादल्यांनी शेवटी घात केला. अख्ख्या कॉलनीत धुरळा उडत होता आणि वस्तादांच्या दारात तेवढा चिखल. शालूकाकी नळाकडं जाताना घसरल्या आणि हात मोडून बसल्या. प्लास्टर घालून आल्यावर त्या नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत, ते पाहून मला बेडकाची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला, पृथ्वीराज.

पृथ्वीराजबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. नावातच पैलवान व्हायचं ठरवून ठेवलेला हा मुलगा. त्याला वस्तादांनी चालता येण्याआधी थंडाई पाजली. पोरगा चपळ होता, डाव चांगला घ्यायचा. जत्रेच्या मैदानात त्याची पहिली मोठी कुस्ती ठरली. त्या दिवशी उजाडल्यापासून वस्तादांनी त्याला थंडाई, तूप, खीर, अंडी असं एकामागून एक दिलं आणि वर शकुनाला म्हणून पांढरा रस्सा. पोरगा मैदानात उतरला तो डुलतच. समोरच्या गड्यानं पाय ओढून पट काढला आणि लोकांनी फेटे सावरायच्या आत कुस्ती संपली. पृथ्वीराजनं लंगोट सोडला तो सोडलाच. पुढं त्यानं फरसबंदीच्या ब्लॉकचा कारखाना काढला, संसार वेगळा थाटला. बापाशी भांडण नाही, पण बोलणंही नाही. सणावाराला यायचा, बाप ताटात ओतायचा, तो मुकाट्यानं खायचा आणि जायचा. त्या हरलेल्या कुस्तीवर वस्तादांचं मत कायम होतं, आणि ते येईल त्याला सांगायचे. खुराक कमी पडला.

तर पृथ्वीराज आला, आईचा हात बघितला, चिखल बघितला आणि म्हणाला, "आबा, आता बास. हितनं तिथपत्तूर ब्लॉक टाकतो. झाड बी काढतो."

वस्तादांनी बादली उचलून भिंतीशी पालथी घातली. शेवटी काकीच गळ्यातला हात सावरत म्हणाल्या, "एक शिमगा अजून बघू द्या त्येंला."

"पाडव्यापत्तूर," पृथ्वीराज म्हणाला. "म्होरल्या पाडव्यापत्तूर फुललं तर ऱ्हाईल. न्हाईतर मी कुणाचं ऐकनार न्हाई."

मुलगा काही वाईट बोलत नव्हता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्या जागेवर ब्लॉक पडले तर वस्ताद सकाळी उठून कुणाला खाऊ घालणार होते? माणूस त्या बागेवर जगत होता.

काकी विश्रांतीला माहेरी निघाल्या. मी मेहुण्याची गाडी मागून आणली आणि त्यांना सोडायला गेलो. वस्तादही आले, कारण माहेरी तिला नीट वाढतील याचा भरवसा काय. गाडी ज्ञानूच्या शेतापाशी आली आणि वस्ताद ओरडले, "थांब!"

बांधावर ती दुसरी धायटी होती. आमच्या धायटीची सख्खी बहीण. मुरमाच्या कडेला, दोन दगडांच्या फटीत, कमरेएवढी, काटकुळी. पान औषधालाही नाही, आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लाल. मधमाश्यांची गुणगुण रस्त्यावर ऐकू येत होती. तीन-चार शिंजीर एकमेकांना ढोसत लोंबकळत होते.

वस्ताद गाडीतून उतरून तिच्यापाशी गेले आणि अंगठा-बोटानं तिच्या खोडाचं माप घेतलं. मग शेतातून पुढं आलेल्या ज्ञानूला रागानंच विचारलं, "हिला घालतोस काय तू?"

"घालायचं काय, दाजी?" ज्ञानू गोंधळला. "उलट शेरडं खात्यात की हिलाच."

"पानी?"

"पावसाचं पडंल ते."

मी हसू दाबायला गाडीच्या चाकाकडं बघायला लागलो. काकींनी मात्र दाबलं नाही. त्या प्लास्टरचा हात पोटाशी धरून, वर्षभराचं साठलेलं, मोठ्यांदा हसल्या. परत येताना वस्ताद माझ्या शेजारी बसले होते. पंचगंगेचा पूल आला. मग म्हणाले, "काशिफ, मी तिचं वाटुळं केलं रं."

"प्रेमानं केलासा, वस्ताद."

"तिला काय करायचं प्रेम? तिला दगूड पायजे हुता."

पाऊस सुरू व्हायच्या आधी वस्तादांनी झुडपाभोवतीची सगळी मळलेली माती काढली आणि तिथं मुरूम आणि खडी भरली. काढलेली माती काकींनी परसात वांग्यांना घातली. त्या वर्षी तिथं जी वांगी झाली ती भरायला मसाला पुरेना. धायटीचं मात्र गुळपाणी बंद, ताक बंद, आणि पाऊस थांबल्यावर साधं पाणीही बंद.

आता खरी परीक्षा होती ती वस्तादांची. उपाशी माणूस समोर उभा आहे आणि आपण बघत बसायचं, हे त्यांना जमतच नव्हतं. दिवाळीनंतर एकदा काकींनी त्यांना धोतराच्या सोग्याआड तांब्या नेताना पकडलं. "निस्तं पाय धुवालतो," ते म्हणाले. "झाडाच्या बुडात?" काकींनी विचारलं आणि तांब्या काढून घेतला. त्या दिवसापासून वस्ताद सकाळी माझ्या मागं मोपेडवर बसून शाहूपुरीला माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. लोकांची दारू सोडवायचं केंद्र असतं, तसं हे ताक सोडवायचं. हात मोकळे राहवेनात म्हणून ते माझ्या गिऱ्हाइकांना खाऊ घालायचे. सीट कव्हर टाकायला आलेला माणूस दोन केळी आणि मूठभर खारका खाऊन जायचा. माझा धंदा वाढला, हे खोटं कशाला सांगू.

संक्रांतीच्या सुमाराला धायटीची पानं तांबूस पडली आणि गळायला लागली. महिन्याभरात नुसत्या काड्या राहिल्या. रोज सकाळी वस्ताद तिच्याकडं पाठ करून दात घासायचे. पृथ्वीराज एकदा येऊन गेला, काडी वाकवून बघितली आणि म्हणाला, "वाळलं की आबा हे."

"पाडव्यापत्तूर थांबतो म्हनालायस," वस्ताद म्हणाले. आवाज इतका बारीक की मला भिंतीवर कान टेकावा लागला.

कळ्या पहिल्यांदा काकींना दिसल्या. काडीच्या पेरापेराला तांबडे ठिपके, पुरळ उठल्यासारखे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, नवरा आनंदाच्या भरात बदाम घालेल याची त्यांना धास्ती होती. होळीनंतर मात्र लपवण्यासारखं काही राहिलं नाही. बघता बघता सगळं झुडूप लाल झालं. भिंतीवरून वाकलेल्या फांद्या माझ्या बाजूलाही आल्या. एक शिंजीर आला, मग दुसरा, आणि दोघांची अशी जुंपली की वस्तादांनी दुकानाला सुट्टी दिली. माझ्या दुकानाला.

"ही खरी जोड!" ते ओरडत होते. "आता कसं!"

पाडव्याच्या आधीच्या रविवारी पृथ्वीराजचा टेम्पो आला. मागं ब्लॉक, वर दोन कामगार. तो फाटक ढकलून आत आला आणि जागीच थांबला. मी भिंतीवर होतोच. तिथं मी नेहमीच असतो.

"मालक, उतरवायचं काय?" कामगारानं हाक दिली.

"थांब जरा," पृथ्वीराज म्हणाला आणि झुडपाजवळ गेला. शिंजीर उडाला नाही. फुलात चोच घालून उलटा लोंबकळत राहिला. बापलेक शेजारी शेजारी उभं राहून बघत होते. दोघांची उभं राहायची ढब एकच, पाय फाकून, हात मागं बांधून. इतक्या वर्षांत मला ते कधी दिसलं नव्हतं.

वस्ताद झुडपाकडं बघतच म्हणाले, "पृथ्वी, त्या मैदानाच्या सकाळी तुला भूक हुती काय रं?"

पृथ्वीराजनं मान वळवून बापाकडं बघितलं. थट्टा नाही हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

"न्हवती आबा. गळ्यापत्तूर आलतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी इचारलंच न्हाई की."

वस्तादांनी एका फुलाला बोट लावलं, काढून घेतलं. "मला वाटालतं, कमी पडलं," ते म्हणाले. "इतकी वर्सं मला वाटालतं, आपलं पोर आपल्या हातनं उपाशी ऱ्हायलं. चुकलं माझं."

पृथ्वीराजनं नाक ओढलं, दोनदा, आणि फाटकाकडं जाऊन कामगारांना सांगितलं, "दारापासनं नळापत्तूर एक पट्टी टाका, आईचा पाय घसराय नगं. बाकीचं माघारी न्हेऊया."

तेवढ्यात काकी ताट घेऊन बाहेर आल्या. त्यात चळतीनं भाकऱ्या, वांग्याची भाजी, वर लोणी, शेजारी दुधाचा पेला. वस्तादांनी हात आडवा केला.

"थांब. इचार त्येला आधी."

काकी ताट धरून उभ्याच राहिल्या. त्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता, त्यामुळं तो कसा विचारतात हे त्यांना चटकन सुचेना. "काय... पायजे काय रं तुला?"

पृथ्वीराज हसला. "अर्धी भाकरी दे. आन् भाजी."

काकींनी दुसऱ्या ताटात तेवढंच वाढलं आणि तो पायरीवर बसून जेवायला लागला. वस्ताद समोर बसले. मधे भाकऱ्यांची चळत. वस्तादांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकून बसले. अर्धी भाकरी संपत आली तशी त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी झुडपाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

पृथ्वीराजनं शेवटचा घास खाल्ला, बोटं चाटली आणि ताट बापापुढं केलं.

"आबा, अजून चतकोर वाढा की."

वस्तादांनी हात मांडीखालून बाहेर काढले. त्यांनी वरची भाकरी घेतली, चार भाग केले, आणि एक चतकोर, एकच, त्याच्या ताटात ठेवला.